पुढे चाल

काळाचौकीत वर्तमानपत्र मागून वाचणारी माणसं पुष्कळ आहेत. फूटपट्टी घेऊन वाचणारा माणूस मात्र एकच, आबा घाडी.

सकाळी सात वाजता दत्ताराम लाड मार्गावरच्या चहाच्या टपरीवर पेपर पडतो आणि त्याच्यावर पहिला हक्क आबांचा. पहिलं पान ते बघत नाहीत. सरकार पडलं तर त्याचा आवाज आपल्यापर्यंत येतोच, त्यासाठी पान कशाला उलटायचं, असं त्यांचं मत. आतलं खेळाचं पान अलगद ओढून काढायचं, चौघडी घालायची, कपाळावरचा चष्मा नाकावर उतरवायचा आणि कबड्डीची बातमी शोधायची. ती सापडेपर्यंत टपरीवर कुणी मोठ्याने बोलायचं नाही. सापडली की खिशातून सहा इंची प्लास्टिकची पट्टी बाहेर येते. ती नातवाच्या कंपासपेटीतली आहे. नातवाची भूमिती का कच्ची राहिली, याची त्याच्या आईने शोधलेली कारणं वेगळी आहेत.

"साडेतीन," आबा जाहीर करतात. "सेंटिमीटर. त्यातला दीड मथळ्याने खाल्ला."

मग पट्टी शेजारच्या बातमीवर जाते. तिथे कुणा क्रिकेटपटूचा गुडघा सुजलेला असतो.

"अकरा. सूज केवढी, बातमी केवढी!"

आता इथे आमच्या मंडळाचं नाव द्यायला हवं, पण मी ते मुद्दाम देत नाही. दिलं आणि छापताना चुकलं, तर आबा माझ्याशी बोलायचे थांबतील. आणि ते बोलायचे थांबले तर सकाळी टपरीवर जाण्यात काही अर्थ उरणार नाही. मंडळ लालबाग-परळ पट्ट्यातल्या शंभर मंडळांसारखंच आहे. गणपती, दहीहंडी, वह्यावाटप आणि या सगळ्याच्या मधे कबड्डी. मी त्याचा गुणलेखक. आबा त्याचे कोण, हे ठरवणं कठीण आहे. कार्यकारिणीत ते नाहीत, प्रशिक्षक नाहीत, देणगीदार तर मुळीच नाहीत. प्रत्येक संघाला एक कायमचा दुखावलेला माणूस लागतो. ती जागा आमच्याकडे त्यांनी धरलेली आहे.

त्यांच्याकडे गिरणीतून आणलेल्या तीन खाकी फायली आहेत. तिन्हींवर एकच शब्द लिहिलेला आहे, अन्याय. एकीत कात्रणं, दुसरीत भाग्यपत्रिका, तिसरीत दोन्हींबद्दल त्यांनी लिहिलेली आणि कुणी उत्तर न दिलेली पत्रं.

भाग्यपत्रिका म्हणजे स्पर्धेचा ड्रॉ. हा शब्द कुणी काढला माहीत नाही, पण ज्याने काढला त्याला आबांसारखे लोक भेटलेले असणार. "लग्नाची पत्रिका जोशीबुवा बघतात," आबा म्हणतात. "ही संघटनेतले चार जण चहा पिता पिता बनवतात. आणि आमच्या पहिल्या घरात नेमका शनी!" शनी म्हणजे अव्वल मानांकित संघ. आमची आणि त्याची गाठ दुसऱ्या फेरीच्या पुढे कधी जात नाही, हे आबांनी फाईल क्रमांक दोनमधून अनेकदा सिद्ध केलं आहे. मी एकदा त्याच फाईलमधून उपांत्यपूर्व फेरीत गाठ पडल्याची तीन वर्षं काढून दाखवली. "ते तुला दाखवायला ठेवलेत," आबा म्हणाले.

खरी गोची मानांकनाची आहे. मागच्या वर्षी उपांत्य फेरीत पोचलेल्या चौघांना मानांकन मिळतं आणि ते चौघे ड्रॉच्या चार कोपऱ्यांत बसतात. म्हणजे उपांत्य फेरीपर्यंत एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. आमचं मंडळ बहुतेक वर्षी उपांत्यपूर्व फेरीत हरतं. तेही सरळ नाही. सामना बरोबरीत, मग पाच-पाच चढाया, त्यात एका गुणाने. त्यामुळे आम्ही कायम पाचवे. बसच्या रांगेत पाचवा म्हणजे ज्याच्या नाकासमोर दार लागतं तो. मानांकन चारांना का, आठांना का नाही, यावर आबांनी सहा वर्षं पत्रं लिहिली. सातव्या वर्षी आयोजकांनी आठ संघांना मानांकन दिलं. आदल्या वर्षी आम्ही उपांत्यपूर्व फेरीच्याही अलीकडे हरलो होतो. आबा दोन दिवस टपरीवर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते नवं पत्र घेऊन. मानांकन सोळा का नाही?

गणित मात्र त्यांचं पक्कं. गिरणी सुटल्यावर ते कॉटनग्रीनच्या एका गोदामात वजनकाट्यावर होते, तेव्हापासून मोजल्याशिवाय कुठल्याही गोष्टीवर विश्वास नाही. लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर ते दोन मिनिटांत ड्रॉ आखून दाखवतात. "तेवीस संघ आले समज. दोनाच्या पाढ्यातला... पाढ्यातला नव्हे रे, दुप्पट दुप्पट करत जा. चार, आठ, सोळा, बत्तीस. बत्तिसातून तेवीस गेले, उरले नऊ. नऊ जणांना पहिल्या फेरीत पुढे चाल. वरच्या अर्ध्यात बारा संघ, खाली अकरा. वर चार पुढे चाली, खाली पाच. पहिली पुढे चाल खालच्या अर्ध्यात सगळ्यात शेवटच्याला. दुसरी वरच्या अर्ध्यात पहिल्याला. हे शाळेतल्या पीटीच्या मास्तरलाही येतं. यांना येत नाही असं नाही. येतं म्हणूनच करतात."

पुढे चाल हा आमच्याकडचा मोठा गमतीदार शब्द. समोरचा संघ आलाच नाही तरी पुढे चाल, आणि समोर कुणी ठेवलाच नाही तरी पुढे चाल. न खेळता वरच्या फेरीत जाण्याला मराठी क्रीडापानाने हे पालखीच्या थाटाचं नाव दिलंय. आबांना पुढे चाल हवी असते असं समजू नका. एका वर्षी ती आम्हाला मिळाली. आबा चिडून म्हणाले, "माका भीक नको. पहिल्या दिवशी आमचो सामनोच नाय, म्हणजे पेपरात नाव खयसून येतला?" रागावले की ते मालवणीत उतरतात, आणि मालवणी बोलणारा माणूस आपल्यावर अन्याय झाला म्हणतो तेव्हा त्याला नाही म्हणणं फार अवघड जातं.

पेपरातलं नाव हे दुसरं दुखणं. पहिल्याहून जुनं.

आबांचा सिद्धांत असा की मराठी वर्तमानपत्र कबड्डीचा काना गाळतं. हे रूपक नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या एका पोराने सामन्यात एकट्याने बारा गुण घेतले. प्रेसनोट आबांनी स्वतः लिहून दिली होती. दुसऱ्या दिवशी छापून आलं, 'चढाईत त्याने बरा गुण घेतले'. दुसऱ्या एका पेपराने व्याकरण सुधारून घेतलं, 'चढाईत तो बरा खेळला'. आबांनी दोन्ही कात्रणं शेजारी-शेजारी चिकटवली. "बघ. बाराचा बरा केला. क्रिकेटवाल्याच्या शंभरातला एक अनुस्वार गळलेला दाखव, मी मिशी उतरवीन." आबांना मिशी नाही, पण मुद्दा पोचला.

त्यांचं म्हणणं तसं खोटं नाही. स्थानिक कबड्डीच्या बातमीचा साचा मला झोपेत म्हणता येईल. विजयी संघाच्या झंझावाती चढाया, धारदार पकडी. मध्यंतराला एवढी आघाडी. मग सगळ्यात शेवटी, कात्री चुकवून उरलंच तर, पराभूत संघाकडून अमुक-तमुकची झुंज एकाकी ठरली. आमचे अमुक-तमुक गेली वीस वर्षं एकाकी झुंजतायत. पण मी बातमीदाराच्या बाजूनेही बोलणार. तो बिचारा एकाच संध्याकाळी कॅरम, खो-खो आणि शरीरसौष्ठव उरकून आमच्या मैदानावर येतो. दिवे लावून खेळवलेला शेवटचा सामना साडेदहाला संपतो, तोवर पान लागलेलं असतं. तो तिथेच उभ्याउभ्या मोबाईलवर बातमी लिहून पाठवतो. पुढे कचेरीत कुणीतरी ती उरलेल्या जागेत मावेल एवढी कापतो. यात कट कुठे आहे? हे मी आबांना सांगितलं. "क्रिकेटचा सामना रात्री बाराला संपतो," आबा म्हणाले, "तेव्हा पान लागलेलं नसतं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

त्यामुळे सामना चालू असताना आबा सामना बघत नाहीत. ते बातमीदाराची खुर्ची बघतात. ती गुणलेखकाच्या टेबलाशेजारी असते. तिच्यावर कुणी दुसरा बसला तर उठवतात, बातमीदार आला की चहा मागवतात, आणि त्याने कागदावर काय लिहिलं हे मान तिरपी करून वाचतात. मैदानावर आमचा कोपरारक्षक घोटा धरून तीन जणांच्या जिवावर एखादी अव्वल पकड करतो, सगळं मैदान उसळतं, आणि आबा बातमीदाराला विचारत असतात, "घेतलंत ना? नाव घेतलंत ना?" एकदा तो वैतागून म्हणाला, "आबा, तेरा बाय दहा मीटरचं तर मैदान असतं तुमचं. त्या मानाने जागा बरी मिळते."

त्या रात्री आबा झोपले नसावेत. दुसऱ्या दिवशी क्रिकेटचं मैदान आणि क्रिकेटची बातमी यांचं क्षेत्रफळ काढून त्यांनी त्रैराशिक मांडलं होतं. त्याही हिशेबाने आम्हाला कमीच मिळत होतं की जास्त, हे मी सांगणार नाही.

स्वतः आबा एकेकाळी डाव्या कोपऱ्याला खेळत. १९७८ साली गिरणीत लागले तेच मुळी घोटा चांगला धरतात म्हणून. तेव्हा गिरण्यांचे संघ असत आणि कबड्डी येणाऱ्या पोराला कामगार म्हणून घेत. सकाळची पाळी, दुपारी सराव, संध्याकाळी सामना. चार वर्षं हे सुख. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि अडीच लाख गिरणी कामगारांबरोबर आबाही बाहेर आले. तो संप रीतसर मागे घेतल्याचं आजवर कुणी जाहीर केलेलं नाही. या गोष्टीवर लोक पुस्तकं लिहितात. आबा एका वाक्यात उरकतात, "सामना संपलाच नाय. मालकांना पुढे चाल दिली."

२०१४ च्या जुलैमध्ये प्रो कबड्डी आली. पहिला दिवस वरळीत, यू मुंबा आणि जयपूर. कुणीतरी आबांना तिकीट दिलं. मातीऐवजी मॅट, निळे-जांभळे दिवे, पायात बूट, आणि कॅमेरे इतके की पकडीत सापडलेल्या चढाईपटूच्या कपाळावरचा घाम मोजावा. आम्हाला वाटलं, आता आबांचं समाधान होईल. दुसऱ्या दिवशी पट्टी लावली तर बावीस सेंटिमीटर, वर फोटो. आबा गप्प. बऱ्याच वेळाने म्हणाले, "ही कबड्डीची बातमी नाही. कोण कोण बघायला आला त्याची आहे." एकूण पाहता त्यात तथ्य होतं. फोटोत चित्रपटातली माणसं होती आणि कबड्डीपटूंच्या पाठी.

जानेवारी २०१८ मध्ये तर त्यांची मोठी कोंडी झाली. हैदराबादला महाराष्ट्राने राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं. कर्णधार रिशांक देवाडिगा, अंतिम सामन्यात सेनादलाला ३४-२९ असं हरवलं, अकरा वर्षांनी चषक घरी आला. मुंबईचा पोरगा कर्णधार! टपरीवर पेढे आले. आबांनी एक पेढा तोंडात टाकला, एक हातात धरला आणि पेपर उघडला. नेमकी त्याच दिवशी केपटाऊनला कसोटी सुरू झालेली. हातातला पेढा त्यांनी परत बॉक्समध्ये ठेवला.

आबांना स्वतःसारखा माणूस जगात दुसरीकडेही असेल अशी कधी शंका आली नव्हती. ती २०२३ च्या मार्चमध्ये आली, न्यू जर्सीतल्या पुतण्यामुळे. त्याने सकाळी सकाळी व्हिडिओ कॉल केला आणि ओरडायलाच लागला. त्याच्या घराजवळ फेअरली डिकिन्सन नावाचं विद्यापीठ आहे, त्याच्या बास्केटबॉल संघाने पर्ड्यूला ६३-५८ हरवलं म्हणून. आबांना बास्केटबॉलचं कौतुक नव्हतं. नागपाड्याची पोरं खेळतात, चांगली उडी मारतात, एवढंच ज्ञान. पण पुतण्या 'सोळावं मानांकन' असं काहीतरी म्हणाला आणि आबांनी फोन त्याच्या काकूच्या हातातून काढून घेतला.

मग फोन घेऊन आबा टपरीवर आले. जवळजवळ तासभर पुतण्या समजावत होता आणि मी शेजारी बसून ऐकत होतो. तिकडे कॉलेजांचे साडेतीनशेच्या वर संघ, त्यातले ६८ निवडायचे. चार विभाग. प्रत्येक विभागात एक ते सोळा मानांकन, आणि पहिल्याची गाठ सोळाव्याशी. १९८५ पासून पहिल्याने सोळाव्याला ओळीने १३५ वेळा हरवलं होतं. २०१८ मध्ये बाल्टिमोरजवळच्या एका कॉलेजने व्हर्जिनियाला ७४-५४ असं लोळवलं, आणि आता हे दुसऱ्यांदा.

"पर्च्या कोण काढतं?" आबांनी विचारलं.

"पर्च्या नाहीत काका. समिती असते. हॉटेलात बसून चर्चा करून ठरवते."

"म्हणजे उघड वशिला!"

"सगळे तसंच म्हणतात," पुतण्या म्हणाला. "आमचा संघ सहावा हवा होता, आठवा का ठेवला, आमच्या विभागाला टीव्हीवाले मानत नाहीत, मोठ्या कॉलेजांचंच कौतुक. रविवारी टीव्हीवर यादी जाहीर करतात आणि सोमवारपासून अख्खा देश भांडतो."

"ड्रॉ टीव्हीवर दाखवतात?"

"लाईव्ह."

आबांनी चहा खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. देव असल्याचा पुरावा मिळालेल्या माणसासारखं काहीतरी.

पुतण्याने आणखी पुरवलं. त्या वर्षी फेअरली डिकिन्सनचा संघ उंचीने देशात सगळ्यात बुटका, आणि पर्ड्यूचा मधला खेळाडू सात फूट चार इंच. "उंच चढाईवाल्याचा घोटाच धरायचा," आबा खूश होऊन म्हणाले. तिकडे घोटा धरला तर बाहेर काढतात हे सांगायची हिंमत दोघांनाही झाली नाही. पण पुढची गोष्ट ऐकून ते जरा अस्वस्थ झाले. हा संघ आपल्या गटाची अंतिम लढत एका गुणाने हरला होता. जिंकलेलं कॉलेज वरच्या श्रेणीत नवीन, नियमाने अजून अपात्र, म्हणून हरलेल्याला पाठवलं.

"म्हणजे पुढे चाल," आबा हळूच म्हणाले. "पुढे चाल घेऊन गेले आणि पहिल्याला मारला."

फोन ठेवल्यावर ते बराच वेळ रस्त्याकडे बघत होते. मग म्हणाले, "सोळावा का होईना, नंबर देतात रे. शेवटच्यालासुद्धा नंबर. आपल्याला काय म्हणतात? 'इतर संघ'."

मी त्यांना बरं वाटावं म्हणून एक माहिती दिली, ती महागात पडली. ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉल पदकासाठी पहिल्यांदा खेळलं गेलं ते १९३६ साली बर्लिनमध्ये. अंतिम सामना उघड्यावर, मातीच्या टेनिस कोर्टांवर, वरून पाऊस; चिखलात चेंडू उसळेना. अमेरिकेने कॅनडाला हरवलं ते १९-८. आणि त्याच बर्लिनला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने कबड्डी करून दाखवली होती. त्या दिवसापासून आमच्या भागात येणाऱ्या प्रत्येक बातमीदाराला हे ऐकावं लागतं. "दोघे एका गावात, एका वर्षी. तेही चिखलात, आम्हीही मातीत. तो गेला लाईव्ह टीव्हीवर. आणि आम्ही?" इथे पट्टी बाहेर येते.

आता एक गोष्ट, जी आबा स्वतः कधी काढत नाहीत.

गिरण्यांच्या जमिनींवर कामगारांसाठी घरं बांधली, त्यांची म्हाडाने जून २०१२ मध्ये सोडत काढली. ६,९२५ घरं, अर्ज लाखाच्या वर. आबांचा अर्ज होता. हजेरी कार्ड, बिल्ला, कापडाच्या पिशवीत जपून ठेवलेली पगाराची पावती, सगळं जोडलेलं. त्या संध्याकाळी ते घरी आले, मी जिन्यात भेटलो. दहा बाय बाराच्या खोलीत तीन पिढ्या राहतात त्यांच्या. सून दारातच उभी होती. आबांनी नुसती मान हलवली.

"नाय लागला. लॉट आहे. नशिबाचा भाग."

मला राहवलं नाही. ड्रॉ म्हटल्यावर ज्याच्या अंगाची लाही होते, त्याने एवढंच म्हणावं? मी म्हटलं, "आबा, यात काही गडबड नसेल?"

"गडबड कसली? कॉम्प्युटरने काढला. सगळ्यांसमोर काढला." मग जिना चढता चढता थांबून म्हणाले, "सहा हजार नऊशे पंचवीस जणांना पुढे चाल मिळाली. चांगलं झालं त्यांचं."

पुढे मार्च २०२० मध्ये ३,८९४ घरांची सोडत निघाली. तेव्हाही त्यांचं नाव नव्हतं, आणि तेव्हाही फाईल निघाली नाही. मी एकदा त्या तीन फायली चाळून पाहिल्या आहेत. कबड्डीची एका सेंटिमीटरची बातमी आहे, ज्यात मंडळाचं नाव नुसतं 'आणि' नंतर आलंय तीही आहे. सोडतीचा कागद एकाही फाईलमध्ये नाही. तो वेगळा, देवांच्या फोटोमागे खोचलेला असतो.

गेल्या हिवाळ्यात आमच्याच भागातल्या एका मंडळाने स्पर्धा भरवली आणि आयोजकांना एक नामी युक्ती सुचली. दरवर्षी आबांच्या पत्राला उत्तर न देण्यापेक्षा आबांनाच ड्रॉ काढायला बोलवायचं. 'ज्येष्ठ कबड्डीपटूंच्या हस्ते भाग्यपत्रिका'. शाल, श्रीफळ. निमंत्रण घेऊन दोन पोरं घरी आली तेव्हा आबांनी त्यांना तीनदा विचारलं, "नक्की माकाच?"

रात्री नऊला मंडळाच्या कचेरीत आम्ही पोचलो. आबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि खिशात पट्टी होती. ती त्यांनी का आणली, मी विचारलं नाही. तेवीस संघ. चार मानांकित फळ्यावरच्या तक्त्यात आधीच चार कोपऱ्यांत बसवलेले. उरलेल्या एकोणीस चिठ्ठ्या मोतीचुराच्या लाडवांच्या स्टीलच्या डब्यात. आबांनी डबा स्वतः हातात घेतला, झाकण लावून खालीवर, डावी-उजवीकडे, वजनकाटा तपासावा तसा हलवला. झाकण काढलं. तोंड दुसरीकडे केलं. हात घातला.

पहिली चिठ्ठी तक्त्यात अव्वल मानांकिताच्या लगेच खाली जाणार होती. म्हणजे पहिला सामना जिंकला, की दुसऱ्या फेरीत थेट शनी.

आबांनी चिठ्ठी उघडली, हात लांब करून वाचली, मग चष्मा उतरवून वाचली. आयोजकांतल्या एकाने ती त्यांच्या हातातून घेतली आणि मोठ्याने आमच्या मंडळाचं नाव वाचलं.

कचेरीत कुणी हसलं नाही, हे त्या लोकांच्या संस्कारांना धरून झालं. पंख्याचा तेवढा आवाज येत होता. फळ्याजवळचा पोरगा खडू धरून उभा. लिहू की नको.

"हिची घडी बघा," आबा म्हणाले. "जाड लागते हाताला. बाकीच्यांना दोन घड्या, हिला तीन."

डबा टेबलावर उपडा केला. अठराच्या अठरा चिठ्ठ्यांना तीन घड्या. आबांनी प्रत्येक चिठ्ठी दोन बोटांत दाबून पाहिली.

"मग डबा नीट हलवला नव्हता."

यावर सगळेच जमिनीकडे बघायला लागले.

घरी येताना दत्ताराम लाड मार्गावर ते एक अक्षर बोलले नाहीत. शाल खांद्यावर, नारळ काखेत. चाळीच्या तोंडाशी आल्यावर थांबले आणि अगदी हळू, गुपित सांगावं तसं म्हणाले, "बघितलंस ना? शेवटी माझोच हात वापरलो त्यांनी."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला टपरीवर नेहमीपेक्षा गर्दी होती. पेपर आला. आबांनी पान ओढलं, चौघडी घातली. बातमी होती. आम्ही सगळे त्यांच्या खांद्यावरून वाकलो. 'ज्येष्ठ कबड्डीपटू आबा घडी यांच्या हस्ते स्पर्धेची भाग्यपत्रिका काढण्यात आली.'

पट्टी निघाली. "साडेचार," आबा म्हणाले, पण नेहमीसारखे ओरडले नाहीत.

टपरीवाल्याने वाचलं नव्हतं, त्याने दुरूनच हाक दिली, "आबा, नाव आलं म्हणे पेपरात!"

"कुणाचं?" आबा म्हणाले.

मग त्यांनी कात्री मागितली. टपरीत कात्री नव्हती. दूध फोडायची सुरी होती, ती त्यांना नको होती. त्यांनी पेपर बाकड्यावर पसरला, बातमीच्या कडेला पट्टी दाबून धरली, आणि चारी बाजूंनी एकेक करून, रेषेत, अगदी सावकाश कागद फाडला.